ऐंशी सेकंदांची बालदी

अर्धवट धुतलेला ट्रक पाहिला की बाबली गवसला शिसारी यायची. पूर्ण मळलेल्या ट्रकाची नाही. तो दिवसभर राबलेला असतो, त्याच्या अंगाला माती असणारच. पण बोनेट चकचकीत, कपाळावरचं देवाचं नाव लांबून वाचता येतंय, आणि मडगार्डच्या आत तीन बोटं जाड लाल चिखल तसाच, असा ट्रक रस्त्यानं गेला की बाबली तोंड फिरवून थुंकायचा.

"तोंडाक पावडर आणि पाठीर खरूज," म्हणायचा.

बाबली दोडामार्गाकडचा. गोवा मुक्त झाला तेव्हा नऊ वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी डिचोली तालुक्यात आला आणि नदीकाठच्या जेटीवर बार्जमध्ये खनिज भरायला लागला. तेव्हा पाटीनं भरायचे. डोक्यावर पाटी, पायाखाली फळी, फळीखाली पाणी. पाटी काठोकाठ नसली तर मुकादम ओरडायचा, पण बाबलीला कधी ओरडावं लागलं नाही. कमी भरलेली पाटी तो स्वतःच खाली ओतून पुन्हा भरायचा. बरोबरचे हसायचे. हसणाऱ्यांतले दोघे पुढं मुकादम झाले. बाबली झाला नाही.

मग यंत्रं आली, पाट्या गेल्या. काही वर्षं त्यानं ट्रकवर क्लीनरचं काम केलं. सेहेचाळिसाव्या वर्षी तो कृष्णनाथच्या रॅम्पवर आला. रॅम्प म्हणजे काँक्रीटच्या दोन उंच भिंती. त्यांच्यावर ट्रक चढवायचा, मधल्या खंदकात उतरायचं आणि खालून-वरून ट्रक धुवायचा. धुवायला प्रेशरचं मशीन. मोटर, पंप, लांब काळा पाइप, पाइपाच्या टोकाला गन आणि गनच्या तोंडाला बोटाच्या पेराएवढं पोलादी नोझल. सगळा जोर त्या नोझलच्या भोकातून बाहेर येतो. भोक केवढं, तर जाड सुई जाईल एवढं.

ती गन अकरा वर्षं बाबलीच्या हातात होती.

कृष्णनाथ रॅम्पचा मालक. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, स्वभावानं वाईट नाही. पण कामाकडं बघायचा ते खुर्चीतून. रॅम्पमागं त्याचं कुळागर होतं, पोफळीचं. कुळागरात विहीर होती, तळ दिसावा इतकी स्वच्छ. ते पाणी पोफळींना. ट्रक धुवायला पाणी यायचं ते पलीकडच्या सोडून दिलेल्या खाणीच्या खड्ड्यातून. लालभडक. वाटीत घेऊन ठेवलं तर तासाभरात तळाला बोटभर गाळ बसायचा, आणि तो गाळ दोन बोटांत चोळला तर कातडीला कानस लागल्यासारखं व्हायचं. ज्या मातीनं ट्रक मळायचा, तीच माती पाण्यात घालून ट्रक धुवायचा.

"बाब, ह्या पाण्यान मशीन खातला," बाबली दरवर्षी एकदा सांगायचा.

"पाणी ता पाणी," कृष्णनाथ म्हणायचा. "ट्रक काय पिवचो आसा?"

हे दरवर्षी ठरलेलं होतं. कृष्णनाथनं नोझल बदललेलं मात्र आठवत नव्हतं कुणाला.

२००९ सालच्या उन्हाळ्यात खाणी जोरात होत्या. रस्त्यावर ट्रकाला ट्रक लागलेला असायचा. पावसाळ्यात खाणकाम थांबतं, म्हणून मे महिन्यात सगळ्यांना ट्रक पासिंगला न्यायची घाई. पासिंगचा साहेब ट्रकाखाली वाकून चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बघतो. त्यामुळं आधी खालून धुणं आलं. रॅम्पवर पहाटेपासून रांग.

आणि त्याच वर्षी ट्रक स्वच्छ निघेनासे झाले. बाबली गन धरायचा, पाणी सुटायचं, आवाज व्हायचा. चिखल भिजायचा, गळायचा, पण सुटायचा नाही. पूर्वी पाण्याचा पट्टा जिथून जाई तिथं लोखंड दिसे. आता दोनदा, तीनदा, चारदा फिरवावं लागे. ज्या ट्रकाला पाऊण तास लागायचा त्याला दीड तास लागू लागला. मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. पाट्यांच्या मागं, म्हणजे चाकाजवळच्या त्या लोखंडी पट्ट्यांच्या जुडग्यामागं, जिथं गन वाकडी धरावी लागते, तिथली माती तशीच राहू लागली.

बाबलीला ती दिसत होती. रांगही दिसत होती. एकदा, दोनदा, मग रोजच, तो ती माती सोडून पुढचा ट्रक घेऊ लागला. हे तो घरी बोलला नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात चंद्रावती आली. नार्वे गावची विधवा बाई, पन्नाशीची, एका ट्रकाची मालकीण. नवरा गेल्यावर दीर म्हणाला ट्रक विकून टाक. तिनं ड्रायव्हर ठेवला आणि ट्रकाच्या केबिनमध्ये स्वतः बसून चार खेपा केल्या, ड्रायव्हर कुठं थांबतो ते बघायला. नंतर कुणी तिला विकायचं नाव काढलं नाही. तिचा ट्रक पासिंगहून परत आला होता.

ती रॅम्पच्या मधोमध उभी राहिली. सात ट्रकांचे ड्रायव्हर ऐकत होते.

"कृष्णनाथबाब, साहेबान काय सांगल्यान ठावक आसा? 'बाई, मी ट्रक बघूक इल्लंय, शेत नाय.' चासीर माती इतकी, भात पेरला तर रुजतला!"

ड्रायव्हर हसले. कृष्णनाथ खुर्चीतून उठला. त्यानं बाबलीकडं पाहिलं.

"बाबली, तुझ्या हातात जोर रवलो नाय रे."

"हातात आसा. मशीनात नाय."

"मशीन घुमता मरे! आवाज ऐकूक येता माका."

सगुण तिथंच होता. सगुण म्हणजे रॅम्पच्या कोपऱ्यात गॅरेज टाकून बसलेला फिटर. त्यानं पान्यानं पाठ खाजवत म्हटलं, "पंप म्हातारो झालो. बाबलीसारखो."

पुन्हा हसले.

"हे बघ," कृष्णनाथ म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत आणखी एक ट्रक परत इलो, तर गन दुसऱ्याक. तू गाळाच्या टाकीर."

गाळाची टाकी रॅम्पच्या खालच्या अंगाला होती. सगळ्या ट्रकांचं धुवण तिथं जमायचं. लाल रबडी, वर जळकं ऑइल, डिझेलची रंगीत साय, त्यात फुगलेले बेडूक आणि कुणी कुणी टाकलेल्या गुटख्याच्या पुड्या. ती फावड्यानं उपसायची. उपसणाऱ्याच्या अंगाचा वास साबणानं जात नसे. ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला तिथं उभा करायचे. बाबलीनं आजवर फावड्याला कमी लेखलं नव्हतं, त्यानं फावडं पुष्कळ मारलं होतं. पण 'हात गेला' म्हणून त्या टाकीत उतरायचं म्हणजे अकरा वर्षं धुतलेला प्रत्येक ट्रक खोटा ठरायचा.

संध्याकाळी नार्व्याच्या भाड्याच्या खोलीत त्यानं बायकोला सांगितलं. कमलाक्षी तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "ता जनेल उघडा बघू. गणपतीच्या चवथीपासून अडकला आसा."

बाबली उठला, खिडकीला एक हिसडा दिला. खिडकी उघडली आणि कडी हातात आली.

"हात बरो आसा," कमलाक्षी म्हणाली. "आता कडी बसवा."

त्यानं कडी बसवली. बसवताना त्याला मशीन बसवायला आलेल्या फिटरची आठवण झाली. अकरा वर्षांपूर्वीचा, तुटक बोलणारा माणूस. त्यानं पंपावरचा पितळी बिल्ला दाखवून एकच गोष्ट शिकवली होती. बिल्ल्यावर लिहिलंय, मिनिटाला पंधरा लिटर. पंप धड असेल तर तो तेवढं पाणी ढकलणारच. भोक झिजून मोठं झालं तरी पाणी तेवढंच येतं, फक्त जोर मरतो. पंप थकला तर पाणीच कमी येतं. तेव्हा जोर गेला की आधी पाणी मोजायचं. मग बोलायचं.

जोर दाखवणारा काटा मशीनवर होता, पण त्याची काच फुटून आत माती भरलेली. तो काटा चार वर्षं एकाच जागी होता. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. रॅम्पवर येणारे सगळे आवाजावरून जोर ठरवायचे.

दुसऱ्या दिवशी पहिला ट्रक चढायच्या आधी बाबलीनं रंगाची रिकामी बालदी आणली, वीस लिटरची. तोंडावर गोणपाट बांधलं, पाणी उडू नये म्हणून. गोणपाटाला भोक पाडून गनचं तोंड आत घातलं. सगुणला म्हणाला, "घड्याळ बघ."

"कशाक?"

"बघ म्हटलंय मा!"

बालदी भरली. सगुणनं मनगटाकडं पाहिलं. "ब्याऐंशी सेकंद."

"वीस लिटराक पंधराच्या हिशेबान ऐंशी होये. दोन सेकंद जास्ती. पंप म्हातारो झालो काय?"

बाबलीनं नोझल काढलं, पुसलं आणि सूर्याकडं धरून डोळ्याला लावलं. गोल भोक लांबट झालं होतं, कडा खाल्लेल्या. झिजलेल्या दातासारख्या. अंगावरचा आकडा मात्र अजून लागत होता: २५०५५.

त्यानं ते कृष्णनाथसमोर टेबलावर ठेवलं. "बाब, हात नाय, पंप नाय. ह्या भोक मोठा झाला. ह्याच आकड्याचा नवीन होया."

कृष्णनाथनं नोझल उजेडाला धरलं. त्यालाही दिसलं. माणूस मूर्ख नव्हता. दिसलं आणि लगेच तो स्वतःच्या अकलेवर खूश झाला.

"म्हणजे भोक मोठा झाला म्हणान जोर गेलो?"

"व्हय."

"मगे पयल्यापेक्षा बारीक भोक हाडलं तर जोर पयल्यापेक्षा जास्ती!"

"नाय बाब. पंपाक जुळता ताच होया. आकडो सांगान हाडा."

"आंगठो नळाक लावलो तर पाणी लांब उडता का नाय? सांग माका."

बाबलीनं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. कृष्णनाथ मोटारसायकल घेऊन म्हापशाला गेला आणि दुपारी बारीक भोकाचं नोझल घेऊन आला. अंगावर आकडा १५०३. सोबत अर्धा किलो लाडू घेऊन आला होता. रॅम्पवर वाटले.

पहिल्या ट्रकाला सगळे बघायला उभे. पाण्याची धार पात्यासारखी सुटली. चिखलात रेघ उमटली, खाली लोखंड चमकलं. "बघ!" कृष्णनाथ ओरडला. ड्रायव्हरांनी माना हलवल्या.

बाबली धूत राहिला. रेघेशेजारी रेघ, रेघेशेजारी रेघ. धार कापत होती, पण कापलेली माती वाहून न्यायला मागं पाणी नव्हतं. माती जागची सुटून खाली चार बोटांवर पुन्हा बसत होती. एका मडगार्डला अर्धा तास गेला. टायरच्या कडेला धार जरा जास्त वेळ राहिली तर रबराला ओरखडा उठला. आणि पंप वेगळाच घुमत होता, तोंड दाबलेल्या माणसासारखा.

बाबलीनं गन खाली ठेवली, बालदी लावली, सगुणला घड्याळ बघायला सांगितलं.

"एकशे बेचाळीस," सगुण म्हणाला. ह्या वेळी त्यानं विनोद केला नाही.

"अर्धा पाणी भायर येयना. खय जाता?"

सगुणनं पंपाच्या डोक्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. भाकरी भाजता आली असती. बाहेर पडायला वाट नसलेलं पाणी आतल्या आतच फिरत होतं आणि तापत होतं.

बाबली कृष्णनाथकडं गेला. कृष्णनाथ म्हणाला, "पाणी कमी लागता? बरा झाला. पाणी वाचला."

खड्ड्यातलं फुकटचं लाल पाणी वाचल्याचा त्याला आनंद झाला होता! न शिकलेल्या माणसाचा त्याला कधी राग येत नसे, तो स्वतःच चौथीपर्यंत शिकलेला. बालदी समोर आहे, घड्याळ समोर आहे, हात भाजतोय, आणि तरी माणूस खुर्चीतून तेच बोलतोय, याची त्याला किळस यायची.

तीन दिवस त्यानं त्या नोझलनं धुतलं. सांगितलेलं काम होतं. गुरुवारी दुपारी पंपाच्या बुडातून वाफाळलेलं पाणी ठिबकायला लागलं, मग वाहायला लागलं. पॅकिंग जळालं होतं. रांगेत अकरा ट्रक उभे.

"बाबली, काय केलंस ह्या?" कृष्णनाथ म्हणाला.

बाबलीनं गनचं तोंड पिळून १५०३ काढलं, शर्टाच्या खिशात टाकलं, पंपाच्या बिल्ल्यावरचे आकडे विडीच्या पाकिटावर उतरवून घेतले. जोर दीडशे, पाणी पंधरा.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराचा दिवस. बसमध्ये मिरच्यांच्या टोपल्या, केळीचे घड, कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये बाबली, खिशावर हात ठेवून. बसस्टँडवरून बाजाराच्या गर्दीतून वाट काढत तो कृष्णनाथनं नोझल घेतलेल्या दुकानात पोचला. मालक गोपाळशेट गल्ल्यावर बसून पाव आणि पातळ भाजी खात होता. बाबलीनं १५०३ समोर ठेवलं.

"ह्या तुमीच दिलंत?"

"व्हय. बारीक भोकाचा मागल्यानी, दिला."

"पंपाचो आकडो विचारलंत?"

"गिऱ्हायकाक आकडो विचारलो तर गिऱ्हायक शेजारच्या दुकानात जाता, बाबा." गोपाळशेटनं पाव भाजीत बुडवला. "लोकांक जोर होयो. आकडो कोणाक होयो?"

भिंतीवर कॅलेंडर होतं. कॅलेंडराच्या मागून एका छापील तक्त्याचं टोक डोकावत होतं. बाबलीनं ते पाहिलं. "ता काय?"

गोपाळशेटनं अनिच्छेनं कॅलेंडर बाजूला केलं. तक्त्यावर एका बाजूला जोर, वरच्या बाजूला भोकाचा आकडा आणि मध्ये मिनिटाला किती लिटर ते. पाच वर्षांचा धूर आणि गणपतीच्या अगरबत्तीची राख त्यावर बसलेली. कंपनीनं दुकानदाराला फुकट दिलेला तक्ता. त्यावर कॅलेंडर लावलं होतं, कारण खिळा तिथं होता.

बाबलीनं विडीचं पाकीट काढलं. दीडशेच्या ओळीवर बोट ठेवलं, सरकवत पंधरा लिटरपर्यंत नेलं, तिथून वर गेला. ०५५.

"पयले आकडे फवाऱ्याच्या रुंदीचे," गोपाळशेट आता जरा मवाळ होऊन म्हणाला, "मागचे भोकाचे. चासीक पंचवीसचो फवारो बरो. पंधराचो टायर फाडता."

"ह्या तुमका ठावक होता."

"ठावक आसा मरे."

"आणि बोललंत नाय."

गोपाळशेटनं बोटं चाटली. तीन दिवस वापरलेलं नोझल बदलून द्यायला त्यानं थोडी कुरकुर केली, पण बाबली गल्ल्यासमोरून हलेना आणि मागं गिऱ्हाइकं वाढू लागली, तेव्हा २५०५५ काढून दिलं. बाबलीनं ते उजेडाला धरलं. भोक गोल होतं. परत येताना बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली नाही, आणि एका कोंबडीनं त्याच्या पायावर घाण केली. त्यानं पाय पुसला. दुकानातल्यापेक्षा ही घाण बरी, पुसली की जाते.

शनिवारी सकाळी सगुणनं पंपाला नवं पॅकिंग घातलं. न सांगता तो स्वतःच बालदी घेऊन आला, गोणपाट बांधलं, मनगट पुढं केलं. बाबलीनं नवं नोझल लावलं.

"ऐंशी," सगुण म्हणाला. "बरोब्बर ऐंशी."

रॅम्पवर चंद्रावतीचा ट्रक चढवलेला होता. सोमवारी त्याचं पुन्हा पासिंग. ती स्वतः आली होती, हातात बॅटरी घेऊन. बाबलीनं पुढचं एक चाक घेतलं. पट्टा गेला आणि मागं लोखंड दिसलं. माती सुटली आणि सुटलेल्या मातीला पाणी ढकलत टाकीपर्यंत घेऊन गेलं.

कृष्णनाथ खुर्चीतून म्हणाला, "बघा, बाबलीचो हात परत इलो!"

बाबलीनं गन बंद केली. तो खंदकातून वर आला, खुर्चीजवळ गेला आणि गन कृष्णनाथच्या मांडीवर ठेवली.

"बाब, मागचा चाक तुमी धुवा."

"मी?"

"तुमी. हात बघूया."

ड्रायव्हर जमले. चंद्रावती म्हणाली, "धुवा मरे बाब, घरची न्हाणी धुतलेली असतली मा कधी!"

कृष्णनाथ हसत उठला. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, पाय फाकवून उभा राहिला, गन दाबली. गननं त्याला अर्धं पाऊल मागं ढकललं. पण चाकावरची माती उडाली. एकाच फेरीत. त्याच्या मऊ, पेन धरणाऱ्या हातानं. लाल शिंतोडे शर्टावर आणि चष्म्यावर.

"हात तुमचो," बाबली म्हणाला. "जोर कोणाचो?"

कृष्णनाथनं चष्मा पुसला. चाकाकडं पाहिलं, नोझलकडं पाहिलं. आणि मग तो बोलला.

"म्हणजे तसा बघूक गेला तर कोणय धुवू शकता. मगे तूच कशाक होयो?"

सगुण खाली बघू लागला.

चंद्रावती वाकली. तिनं बॅटरी लावली आणि कृष्णनाथनं धुतलेल्या चाकाच्या मागं, पाट्यांच्या आतल्या बाजूला उजेड टाकला. तिथं माती होती. घट्ट, काळसर लाल, वर ग्रीस. चाक आरशासारखं आणि त्याच्यामागं वारूळ.

"ह्या आतला कोण धुतलो, बाब?" ती म्हणाली. "शर्ट मळतलो तुमचो. माझो ट्रक बाबलीदादा धुतले तर धुतले, नाय तर मी जातंय दुसऱ्या रॅम्पार. आणि ह्ये सगळे येतले माझ्यावांगडा."

कृष्णनाथनं गन बाबलीपुढं धरली. बाबलीनं घेतली. नोझल पिळून काढलं आणि खिशात टाकलं.

"पयला पाणी," तो म्हणाला.

"कसला पाणी?"

"विहिरीचा. खड्ड्याचा पाणी असला तर ह्या नोझल परत खाल्लेला. परत माझो हात गेलो म्हणतलात. विहिरीक पाइप जोडा, मगे धुतंय."

"सोमवारी बघूया."

बाबली रॅम्पच्या भिंतीवर बसला. विडी काढली, पेटवली नाही. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. शेवटच्या ड्रायव्हरला काय चाललंय ते माहीत नव्हतं, तो नुसता हॉर्न वाजवत होता. दहा मिनिटं कृष्णनाथ पोफळींकडं बघत राहिला. मग त्यानं सगुणला हात केला. सगुण आणि दोन ड्रायव्हर कुळागरात शिरले. पाइप ओढून आणायला पाऊण तास लागला. पाऊण तासाचं काम अकरा वर्षं राहिलं होतं.

पाइपाला पाणी आलं. बाबलीनं ते ओंजळीत धरलं. तळहाताच्या रेघा दिसत होत्या. त्यानं नोझल लावलं, बालदी लावली. ऐंशी.

"आता तरी झाला तुझ्या मनासारखा?" कृष्णनाथनं विचारलं.

"तुमी धुतलेला चाक परत धुवूक होया."

तो खंदकात उतरला. गन वाकडी धरून पाट्यांच्या मागं गेला. माती निघायला लागली, आधी मऊ, मग थरांनी, खपल्या पडाव्यात तशी. सगळ्यात आतला थर महिन्यांचा होता. तो निघाला आणि पाटा चासीला जोडणारं ब्रॅकेट उघडं पडलं. बाबलीनं गन बंद केली. ओल्या लोखंडावर एक केसाएवढी रेघ होती. तिच्यातून लाल पाणी झिरपत होतं. त्यानं अंगठ्यानं पुसलं, पुन्हा झिरपलं. रेघ बोल्टपासून निघून अर्ध्याच्या वर गेली होती.

"चंद्रावतीबाय, हय या."

ती साडी खोचून खाली उतरली. बॅटरी धरली. दहा टन खनिज भरून तो ट्रक रोज घाट उतरत होता. शाळेच्या वळणावरून जात होता.

"कितके दिवस आसतली ही?" तिनं विचारलं.

"माती जितके दिवस होती, तितके."

"आणि तुमी तीनदा धुतलो हो ट्रक. ह्याच हंगामात."

बाबलीनं मान हलवली. तीनदा. तीनही वेळा इथली माती त्यानं पाहिली होती. जोर नव्हता हे खरं. रांग होती हे खरं. पण लोखंडी सळी घेऊन खरवडता आलं असतं. हातानं काढता आलं असतं. कमी भरलेली पाटी खाली ओतणारा माणूस तो, आणि त्यानं ही पाटी तीनदा पुढं पाठवली होती. कृष्णनाथची, गोपाळशेटची, खुर्चीची, कॅलेंडराची जी किळस त्याला आठवडाभर येत होती, ती आता ह्या खंदकात त्याच्या स्वतःच्या हातांना लागली होती, ग्रीससारखी.

"माझी चूक," तो म्हणाला. "नोझलाची नाय."

चंद्रावतीनं त्याच्याकडं पाहिलं. "सगुणाक सांगा. आज वेल्डिंग करून द्यायचो. सोमवारी साहेबाक मी स्वता दाखयतंय ही जागा."

ट्रक मागं घेऊन गॅरेजकडं नेला. पुढचा ट्रक रॅम्पवर चढत होता. वर कृष्णनाथ त्याच्या ड्रायव्हरला सांगत होता, "बिनघोर चढय! बाबलीचो हात परत इलोहा."

बाबली थुंकला. मग त्यानं गन भिंतीला टेकवली, कोपऱ्यात पडलेली लोखंडी सळी उचलली, चंद्रावतीनं विसरलेली बॅटरी पेटवली आणि पाणी सोडण्याआधी ट्रकाखाली शिरला.